लाभ धरून, लाभ सोडून

तळणवाडी, ता. औसा, जिल्हा लातूर
१७ जानेवारी १९८३

शिवकन्या,

आशीर्वाद. अण्णाराव म्हणतो, आशीर्वादाच्या आधी चार ओळी लिहायची रीत असती. मी म्हटलं, तिला वेळ न्हाई, ती मास्तरीण हाय.

तुझं पत्र तेवीस दिवसांनी आलं. पाकिटावर तू जिल्हा उस्मानाबाद लिहिलंस. ऑगस्टापासून आम्ही लातूरचे झालो हे बकऱ्यांनासुद्धा माहीत हाय. तुझं पत्र आधी जुन्या जिल्ह्याला गेलं, तिथं कुणाच्या तरी टेबलावर पाहुणचार घेतला, मग इकडं आलं. जिल्हा बदलला, आज्जी तीच हाय, एवढं ध्यानात ठेव. पाऊस तर तिकडच्या जिल्ह्यातून आला न्हाई, इकडच्यातूनही न्हाई.

पोस्टमन अण्णाराव तुझी पत्रं मला वाचून दाखवतो, माझी लिहून घेतो आणि बदल्यात ताक पितो. यंदा ताक पातळ हाय, त्यामुळं अक्षरही तसंच आलं तर समजून घे. (अक्षर नेहमीसारखेच आहे. — अण्णाराव)

तू लिहिलंस की नांदेडच्या शिबिरात शिकून तू चौथीच्या पोरांसाठी चार खणांचा तक्ता केलास. प्रश्न कळला का, वाट कुठली धरली, हिशोब जमला का, दुसऱ्याला सांगता आलं का. प्रत्येक खणाला चार गुण. नुसतं उत्तर बघून बरोबर-चूक करायचं न्हाई. आणि परीक्षा एक नव्हं तर चार तऱ्हेच्या. कागदावर लिहून, तोंडानं, हातानं करून दाखवून, आणि पोरांनी आपणच प्रश्न तयार करून. तुला वाटतं हे शिबिरवाल्यांनी शोधून काढलं. बाई, मी अकरा वर्षांची असताना मला हाच तक्ता लागला.

मला बघायला आले तेव्हा तुझ्या आजोबाची आई पदर खोचून समोर बसली आणि सूपभर हरभरा पुढं ढकलला. निवड, म्हणाली. मी निवडला. लई चटचट निवडला, म्हटलं आता शाबासकी मिळंल. तिनं हरभऱ्याकडं बघितलंसुद्धा न्हाई. तिनं बघितलं की निघालेला खडा मी कुठं ठेवते. मी तो भिरकावला न्हाई, पदराच्या टोकात ठेवला, उठताना उंबऱ्याबाहेर टाकला. तेवढ्यावर मी या घरात आले. सुपात दोन खडे राहिले होते, ते तिनं पुढं चाळीस वर्षं ऐकवलं. म्हणजे हिशोबाच्या खणात मला तीनच गुण.

तर तुझा तक्ता मला पसंत हाय. फक्त एक सांग, हा तक्ता बघून वरचे साहेब काय म्हणतात? त्यांच्या खिशात तर एकच खण असतो.

तुझी आज्जी धुरपताबाई (अंगठा)


हळदवाडी, ता. भोकर, जिल्हा नांदेड
२ फेब्रुवारी १९८३

प्रिय आज्जी,

या वेळी जिल्हा लातूर दोनदा लिहिला आहे आणि खाली रेघ मारली आहे. अण्णारावकाकांना सांग, अक्षर छान आहे.

तू साहेबांचं बरोबर ओळखलंस. आमचे विस्तार अधिकारी महिन्यापूर्वी येऊन गेले. तक्ता उलटा धरून पाहिला आणि म्हणाले, "बाई, ही काय रांगोळी काढून राहिल्या तुम्ही? उत्तर बरोबर तर गुण, चूक तर भोपळा. एप्रिलमध्ये चौथीची परीक्षा मी स्वतः घेईन." माझी नोकरी अजून कच्ची आहे, त्यामुळं मी मान हलवली.

पण मला काळजी माझी नाही, पंचफुलाची आहे. दहा वर्षांची पोर. वडील लिंबाजी, चार एकर कोरडवाहू. यंदा त्यांच्या विहिरीत पोहरा खडकावर आपटतो. लिंबाजीभाऊंनी मला शाळेच्या दारात उभं राहून सांगितलं, "बाई, पास झाली तर किनवटच्या वसतिगृहात पाचवीला धाडतो. नापास झाली तर घरी ठेवतो. पाणी आणायला दोन कोस जावं लागतं, घरात माणूस कमी पडून राहिलं." माणूस वाईट नाही. खरं तेच बोलले.

आता पंचफुलाचा तक्ता ऐक. प्रश्न कळतो, चार. वाट तर अशी सुंदर धरते की मी तिच्याकडून शिकावी, चार. पण हिशोबात एक कमी येतो. तोही प्रत्येक वेळी नाही. मी प्रश्न दिला: राशीत अठ्ठेचाळीस पायल्या ज्वारी, सहा घरांना सारखी वाटली, प्रत्येकी किती? तिनं लिहिलं, सात, आणि पाच उरल्या. म्हणजे तिनं सत्तेचाळीस धरल्या. भागाकार चोख, पण एक पायली गेली कुठं? खडे दिले तर अठ्ठेचाळीस बरोबर मोजते. पोरं मोजते, चिंचोके मोजते, एकही चूक नाही. अंगणात वाळूची रास करून हातात पायली दिली, की पुन्हा एक कमी. विचारलं, "अगं, चुकलं ना?" तर खाली मान घालून गप्प. म्हणून चौथ्या खणात मी तिला एक गुण दिला आणि बाजूला लिहिलं, निष्काळजी. रोज दहा वेळा पाढे लिहायला लावते आहे. काही फरक नाही.

साहेबांच्या परीक्षेत असाच प्रश्न आला तर भोपळा ठरलेला. मला काही सुचत नाही. तुझ्याकडे पाणी कसं आहे? खरं लिही.

तुझी शिवकन्या


तळणवाडी
१४ फेब्रुवारी १९८३

शिवकन्या,

पत्र बारा दिवसांत आलं. नवीन जिल्ह्याचा गुण.

आधी पाण्याचं. एक दिवसाआड ट्रॅक्टरवर टँकर येतो. दोनशे चाळीस घागरी भरतात, साठ घरं रांगेत उभी राहतात, घरटी चार. भांडणं लई झाली तेव्हा बायांनी मला मोजायला बसवलं, कारण मी कुणाचीच बाजू घेत न्हाई, सगळ्यांनाच बोलते. मी मांडीवर चिंचोक्यांचा डबा घेऊन बसते. घागर भरली की एक चिंचोका दुसऱ्या डब्यात. पाणी बक्कळ हाय, काळजी करू नको.

शेजारची नागुबाई दिवाळीत पडली, कंबर धरली, खाटेवरून उठत न्हाई. तोंड मात्र फिरतं हाय. आमचं एकोणीस वर्षं बोलणं न्हाई, ते तुला माहीत हाय. माझी पितळी वाटी नेली आणि नेलीच न्हाई म्हणाली. आता ती खिडकीतून सगळ्यांना सांगून राहिली की नव्या जिल्ह्याचा कलेक्टर तिला दर टँकरला एक घागर घरपोच पाठवतो. म्हणे, उस्मानाबादवाल्यांना कधी माझी किंमत कळली न्हाई. (बघ, तुझ्या पत्रातलं 'काढून राहिल्या' माझ्याही तोंडी बसलं.)

आता तुझ्या पंचफुलाचं. तू शाळा शिकलीस, शिबिर शिकलीस आणि खळं विसरलीस. पोर खडे बरोबर मोजती, चिंचोके बरोबर मोजती, फक्त पायली हातात आली की एक कमी. तर मग चूक पोरीत कशी असंल? चूक पायलीत हाय. राशीचं पहिलं माप टाकताना तुझा आजोबा एक म्हणायचा का? आठव. डोक्याला रुमाल बांधून, खाली बसून, काय म्हणायचा? लाभ म्हणायचा. लाभ, दोन, तीन, चार. एक म्हटलं की रास एकावर थांबती म्हणून.

आपल्या घरी लाभ राशीतच धरायचे. पण काही घरांत ती पहिली पायली खरंच बाजूला काढतात. ती आपली नव्हंच, दारात येईल त्याची. मग दुसऱ्या पायलीला एक म्हणतात. तुझ्या पोरीच्या घरी तशी रीत असंल. तिच्या लेखी अठ्ठेचाळीसातल्या सत्तेचाळीसच वाटायच्या असतात.

आणि तू तिला विचारतेस, चुकलं ना? यावर कुठली पोर बोलंल? माझ्या सासूनं मला खडा राहिला का असं विचारलं असतं तर मीही मुकी झाले असते. तिला विचार, बाई, पहिलं माप कुठं ठेवलंस? आणि ते निष्काळजी लिहिलेलं खोडून टाक. चौथ्या खणातला एक गुण पोरीचा न्हाई, तुझा हाय.

धुरपताबाई (अंगठा)


हळदवाडी
२६ फेब्रुवारी १९८३

आज्जी,

एक गुण माझा. मान्य.

मी पंचफुलाला अंगणात नेलं, वाळूची रास केली आणि तुझाच प्रश्न विचारला. तिनं माझ्याकडं असं पाहिलं, जसं काही मी इतके दिवस परक्या मुलुखातून बोलत होते. मग बोट दाखवलं. राशीपासून हातभर दूर, भिंतीच्या कडेला, एक पायली वाळू वेगळी ओतलेली. "ती लाभाची, बाई. ती वाटायची न्हाई. आजी म्हणते, ती आपली नसतेच." मी विचारलं, यंदा तुमची रास केवढी झाली? "अकरा." मग वाटणीला किती आल्या? "दहा." यंदाही काढली? यावर ती हसली. मोठी माणसं कधी कधी फार सोपं विचारतात, तसं.

त्या भिंतीकडेला मी रोज झाडलोट करते आज्जी. ती वाळू रोज दिसायची आणि मी पोरांना ओरडायचे, सांडू नका म्हणून.

आता चौथ्या खणात चार लिहिले. ती इतकं बोलते की थांबवावं लागतं. पण साहेबांना हे सगळं कोण सांगणार? परीक्षा दहा एप्रिलच्या आत आहे. मी तिला सांगू का, की परीक्षेपुरतं लाभ धर, वाद घालू नको? सांगायला तोंड उघडत नाही. पण लिंबाजीभाऊंनी घागरीसाठी नवी चुंबळसुद्धा वळून ठेवली आहे. तिच्या डोक्याच्या मापाची.

तू काय म्हणतेस? आणि खरंच पाणी बक्कळ आहे का?

शिवकन्या


तळणवाडी
९ मार्च १९८३

शिवकन्या,

पोरीला खोटं मोजायला शिकवू नको आणि हट्टही शिकवू नको. तिला सांग, दोन्ही मोजणी करायची. लाभ धरून इतकं, लाभ सोडून इतकं. साहेबाला जे पाहिजे ते त्यानं उचलावं. बाजारात आपण दोन्ही ताजवे दाखवतोच की.

साहेबाला भिऊ नको. तोही कुणाच्या तरी खळ्यावर वाढलेला असंल, आभाळातून पडला नसंल.

माझं बरं हाय. पाणी बक्कळ हाय हे मी मागच्या वेळी सांगितलंय. एकच गोष्ट दोनदा विचारणं म्हणजे मास्तरणीचा रोग.

धुरपताबाई (अंगठा)

(शिवकन्याताई, ही चिठ्ठी मी पोस्टात बसून लिहून पाकिटात घालत आहे, बाईंना ठाऊक नाही. पाणी बक्कळ नाही. बाईंच्या डब्यात दर खेपेला दोनशे एकोणचाळीसच चिंचोके पडतात. बाया म्हणू लागल्या, म्हातारीला मोजता येईना, आता ग्रामपंचायतीचा शिपाई बसवा. मी दोन दिवस भिंतीआड उभा राहून पाहिले. टँकर आला की पहिली घागर बाई चिंचोका न टाकता ट्रॅक्टरवाल्याच्या हाती देतात. तो ती नागुबाईंच्या दारात ठेवतो आणि ओरडतो, कलेक्टरसाहेबांकडून. नागुबाई रांगेत येऊ शकत नाहीत, म्हणून त्यांच्या नावाच्या घागरी नाहीत. रांगेत शेवटचे घर बाईंचे असते. ते त्यांनीच शेवटी लावून घेतले आहे. बाकी सगळ्यांना चार मिळतात, त्यांना तीन. — अण्णाराव)


हळदवाडी
१२ एप्रिल १९८३

प्रिय आज्जी,

शनिवारी साहेब आले. सांगते सगळं.

त्यांनी फळ्यावर प्रश्न लिहिला: एका राशीत बहात्तर पायल्या ज्वारी, आठ घरांत सारखी वाटली, प्रत्येकी किती? लिंबाजीभाऊ खिडकीबाहेर उभे होते, खांद्यावर ती चुंबळ.

पंचफुला उभी राहिली. "लाभ धरून नऊ. लाभ सोडून आठ, आणि सात उरल्या."

साहेब म्हणाले, "एकच उत्तर सांग."

पंचफुला म्हणाली, "मग साहेब, खळं कुणाचं ते सांगा."

बाहेर बकरी खोकली. साहेब लाल झाले. मला म्हणाले, "हे तुमच्या रांगोळीचं फळ. मोजणं म्हणजे मोजणं. इकडं आणा ती पायली, मी दाखवतो." अंगणात वाळूच्या राशीपाशी गेले. पॅन्टच्या मोऱ्या दुमडल्या. उकिडवे बसले. खिशातला रुमाल काढून डोक्याला बांधला. का बांधला त्यांनाही कळलं नसावं. पायली खुपसली, हातानं वरची शीग सारखी केली, ओतली आणि म्हणाले,

"लाभ."

आणि तिथंच थांबले. दुसरी पायली भरलेली तशीच हातात. पोरं तोंडावर हात धरून हसत होती. पंचफुला मात्र हसली नाही. तिनं मन लावून विचारलं, "ती कुठं ठेवायची, साहेब?"

साहेबांनी हातातली पायली खाली ठेवली. मग म्हणाले, "आमच्या घरी धरायचे. मामाच्या घरी काढायचे." मग म्हणाले, "प्रश्नच नीट विचारला नव्हता." वर्गात येऊन माझा तक्ता मागितला, या वेळी सरळ धरला, पंचफुलाच्या नावापुढं लिहिलं: उत्तरं दोन, दोन्ही बरोबर, उत्तीर्ण. खाली लिहिलं: प्रश्न नापास. आणि सही केली. जाताना म्हणाले, हा तक्ता दुसऱ्या शाळांना दाखवायला एक नक्कल द्या.

लिंबाजीभाऊंनी विचारलं, "लिहून दिलं का?" मी दाखवलं. त्यांना वाचता येत नाही, त्यांनी सहीवर बोट फिरवलं. मग चुंबळ खांद्यावरून काढून स्वतःच्या डोक्यावर ठेवून बघितली. "मला लहान पडते," म्हणाले, "मोठी वळावी लागंल." जूनमध्ये पंचफुला किनवटला जाईल.

आता तुझा तक्ता. रागावू नको, गुण काटेकोर दिले आहेत.

प्रश्न कळला का: चार. वाट कुठली धरली: चार. हिशोब जमला का: चार, कारण पहिली घागर लाभाची आणि कमी पडणारी स्वतःच्या वाट्याची, यात एका थेंबाचीही चूक नाही. दुसऱ्याला सांगता आलं का: एक. मलासुद्धा सांगितलं नाहीस. दोनदा विचारूनही.

आणि अण्णारावकाकांना काही बोलू नको.

तुझी शिवकन्या


तळणवाडी, जिल्हा लातूर
२५ एप्रिल १९८३

शिवकन्या,

तुझं पत्र वाचताना अण्णाराव साहेबाच्या रुमालापर्यंत खडखडीत वाचत गेला. पुढं त्याला ठसका लागला. चष्मा पुसला, ताक मागितलं. मी म्हटलं, वाच. तो म्हणाला, पुढं विशेष काही न्हाई, नमस्कार हाय. मी म्हटलं, एवढ्या ओळींचा नमस्कार कुठला? मग वाचलं. आता तो मान खाली घालून लिहून राहिला हाय. त्याला तुझ्या चौथ्या खणात सोळा गुण दे, सगळ्या दुनियेला सांगता येतं त्याला. (चूक मान्य आहे. — अण्णाराव)

पंचफुलाचं ऐकून पोट भरलं. तिला माझा आशीर्वाद सांग. आणि तिच्या बापाला सांग, चुंबळीत जुनं लुगडं घाल, टोचत न्हाई.

माझ्या चौथ्या खणाचं मात्र तुझं चुकलं. मला सांगता येत न्हाई असं न्हाई. मी सांगितलं असतं तर नागुबाईनं ते पाणी घेतलं असतं का? तहानेनं वाळली असती, पण माझ्या हातची घागर उंबऱ्यातून परत लावली असती. कलेक्टरकडून घेण्यात तिची मान ताठ राहते. तेव्हा न सांगण्याचे किती गुण, तो खण तुझ्या तक्त्यात हाय का? नसंल तर पाचवा खण आखून घे. साहेबाला नक्कल देण्याआधी.

बायांना मी काही बोलले न्हाई. शिपाई मोजायला बसला होता दोन खेपा. त्यानं पहिल्याच घागरीला चिंचोका टाकला आणि नागुबाईच्या दारात काही गेलं न्हाई. संध्याकाळी नागुबाई खिडकीतून ओरडली, कलेक्टर मेला का म्हणून. तेव्हा रांगेतल्या बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. तिसऱ्या खेपेला डबा पुन्हा माझ्या मांडीवर आणून ठेवला. कुणी काही विचारलं न्हाई, मी काही सांगितलं न्हाई. फक्त शेवटचं घर आता दर खेपेला वेगळं असतं. मागच्या खेपेला उमाबाई शेवटी उभी राहिली, काल संगप्पाची सून. तीन घागरी घेऊन गेल्या, कुरकुर न करता.

आणखी एक. गुरुवारी नागुबाईनं अण्णारावाला खिडकीशी बोलावलं. म्हणाली, तू डाकवाला, एवढं कलेक्टरला पोचव, एवढं पाणी पाठवतो बिचारा. फडक्यात बांधलेलं काहीतरी दिलं. अण्णाराव ते घेऊन दिवसभर गावात फिरला, मग माझ्या ओट्यावर आणून ठेवलं. म्हणाला, पत्ता अपुरा हाय.

सोडलं तर जवसाची चटणी. मीठ लई झालं होतं, पण तक्रार करायची कुणाकडं? खाली वाटी पितळी. कडेला पोचा, तुझा बाप रांगता असताना त्यानं आपटली होती तो. अण्णाराव बुडाशी कोरलेलं नाव वाचायला लागला. मी म्हटलं, वाचू नको, मला माहीत हाय.

एकोणीस वर्षं नेलीच न्हाई म्हणत होती. आता कलेक्टरला पाठवली.

काल मी त्याच वाटीत मूठभर शेंगदाणे आणि गुळाचा खडा घातला, फडकं बांधलं आणि टँकरच्या पहिल्या घागरीबरोबर तिकडं धाडली. ट्रॅक्टरवाला नेहमीसारखा ओरडला. भरलेल्या भांड्याला रिकामं उत्तर द्यायचं नसतं, मग तो कलेक्टर का असंना.

हे लिहिताना अण्णाराव थांबला आणि विचारतो, बाई, आता ती वाटी तुमची धरायची का त्यांची?

मी म्हटलं, खळं कुणाचं ते सांग.

धुरपताबाई (अंगठा)